खोलीपालट

चाकणच्या वकिलाकडून परत आल्यापासून दौलतराव कुणाशी धड बोलले नव्हते. हॉलमधल्या सोफ्यावर बसून त्यांनी टीव्ही लावला, आवाज बंद केला आणि नुसतीच चित्रं बघत राहिले. जयमालानं दोनदा जेवायला बोलावून पाहिलं. शेवटी मुलगाच, कुलदीप, म्हणाला, "आई, आधी आत्याला बोलव."

निरोप गेला तेव्हा सुमनताई आवारापलीकडच्या चाळीत, आपल्या एक नंबरच्या खोलीपुढं, शेंगा फोडत बसल्या होत्या. मंगळवारची दुपार, आणि बंगल्यावरून बोलावणं. धाकट्या भावाला आपली आठवण झाली म्हणजे कुठंतरी सही हवी असणार, एवढं त्यांना सवयीनं कळत होतं. पण सही करण्याजोगं आता त्यांच्याकडं उरलं तरी काय होतं? जे होतं ते अण्णा गेले त्याच वर्षी, राजगुरुनगरला जाऊन, हक्कसोडपत्रावर सही करून त्या भावाला देऊन मोकळ्या झाल्या होत्या. नवरा गेल्यावर माहेरी राहिलेल्या बहिणीनं माहेर राखावं, असं सगळेच म्हणाले होते, आणि त्यांनाही तेव्हा ते पटलं होतं. त्यांनी शेंगा टोपलीखाली झाकल्या आणि निघाल्या.

ही चाळ त्यांच्या वडिलांची, अण्णांची म्हणजे सोपानरावांची. रस्त्यापलीकडं गाड्यांचे कारखाने उभे राहू लागले, बाहेरगावची माणसं दारोदार खोली विचारत फिरू लागली, तेव्हा सगळ्या गावानं कांद्याच्या वावरात खोल्या काढल्या. सोपानरावांनीही आठ काढल्या. पण माणूस मनातून धास्तावलेला. त्यांच्या लहानपणी कूळकायदा आला आणि नदीकडचं चार एकर रान, जो कसत होता त्याच्या नावावर झालं. त्या दिवशी वडील जेवले नव्हते, ही गोष्ट सोपानरावांनी जन्मभर सांगितली. आपल्या चाळीत कुणी असं मूळ धरू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या डोक्यानं एक कायदा केला. दर अकरा महिन्यांनी, कारखान्यांच्या सुट्टीचा गुरुवार बघून, सगळ्या बिऱ्हाडांनी सामान आवारात काढायचं, खोल्यांना चुना मारायचा, आणि संध्याकाळी प्रत्येकानं पुढच्या नंबरात जायचं. दोनवाला तिनात, तीनवाला चारात, आठवाला फिरून दोनात. एका खोलीत वर्ष भरलंच नाही तर हक्क सांगणार कशाचा, असं त्यांचं गणित. कागद मात्र त्यांनी कधी केला नाही. कागद म्हटलं की त्यांना ते चार एकर आठवायचं. लोक चेष्टा करायचे, सोपानरावांची चाळ चालायला लागलीय म्हणायचे. पण अण्णा गेले तरी खोलीपालट चुकली नाही, कारण ती आता सुमनताई करवून घ्यायच्या. गुरुवार त्या ठरवायच्या, आणि आदल्या दिवशी दारोदार जाऊन सांगायच्याही त्याच. एक नंबर तेवढा पालटीतून वगळलेला. तो अण्णांनी लेकीला दिला होता, तोंडी.

हॉलमध्ये आल्यावर त्या जमिनीवरच टेकायला लागल्या, तशी जयमाला म्हणाली, "वन्सं, वर बसा." मग त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या.

कुलदीपनं सांगायला सुरुवात केली. चाळ आणि मागचं पडीक मिळून एका कंपनीला गोडाऊनसाठी हवं होतं. एकोणतीस वर्षांचा रजिस्टर करार, कारण कंपनीला काही दर अकरा महिन्यांनी गोडाऊन पालटायचं नव्हतं. शुक्रवारी त्यांची माणसं ताबा बघायला येणार, तेव्हा जागा मोकळी पाहिजे. सहा खोल्यांतली कंत्राटाची पोरं ठेकेदारानं मागच्या आठवड्यात महाळुंग्याकडं हलवली होती. ती ठेकेदाराची पोरं, आज इथं तर उद्या तिथं. राहिली होती एक सात नंबरची कौशल्याबाई, आणि तिची मुलगी तेजस्विनी.

"मग तिला सांगू की," सुमनताई म्हणाल्या. "चोवीस वर्षं राहिलीय. बाई समजूतदार आहे, थोडा वेळ दिला तर बघेल दुसरीकडं."

दौलतराव टीव्हीकडं बघतच बोलले. "सांगायचंच न्हाई, असं वकील म्हनतोय."

वकील आधी पोट धरून हसला होता म्हणे. खोल्या पालटून कायद्यात काही होत नाही, तीस वर्षं तुम्ही नुसता चुना मारलात, असं तो म्हणाला. खरी गोष्ट होती ती कराराची. तो रजिस्टर करणं मालकाचं काम, आणि तो नसला तर भाडेकरू जे सांगते तेच कोर्ट आधी खरं धरतं. ही बाई नको म्हणाली आणि कोर्टात गेली, तर दहा वर्षं तिला कुणी हलवू शकणार नाही. दाराला कुलूप लावाल, नळ तोडाल, तर उलटी केस तुमच्यावर. पण तीच आपण होऊन सामान घेऊन बाहेर आली आणि खोली रिकामी करून दिली, तर मग विषयच मिटला.

एवढं सांगून कुलदीप थांबला. सुमनताईंना ते कळायला थोडा वेळ लागला. गुरुवार परवावर आला होता, आणि पालटीला अकरा महिने याच आठवड्यात भरत होते.

"म्हणजे मी जाऊन सांगायचं," त्या म्हणाल्या, "की पालट आहे."

"तू सांगितलंस तरच ती सामान काढेल," कुलदीप म्हणाला.

जयमाला मध्ये पडली. तिला कावीळ झाली होती तेव्हा कुलदीप दोन वर्षांचा होता, आणि तीन महिने त्याला कौशल्याबाईनं वाढवलं होतं. हे असं त्या बाईशी करायचं नाही, कंपनीकडून महिनाभर मागून घ्या, असं ती नवऱ्याला म्हणाली. सुमनताईंना बरं वाटलं. भावजय कधी नव्हे ती आपल्या बाजूनं उभी राहिली, असं त्यांच्या मनात आलं.

कुलदीपनं आवाज चढवला नाही. कंपनीनं याच रस्त्यावरच्या आणखी दोन जागा बघून ठेवल्यात, शुक्रवार हुकला तर ते तिकडं जातील, असं त्यानं आईला सांगितलं. "आणि आई, मी तिला रस्त्यावर टाकत नाहीये. तळवड्याला खोली बघितलीय, तीन महिन्यांचं भाडं मी भरलंय. टेम्पोही आणणार आहे."

"तिचे जेवणाचे तीस डबे या कंपन्यांत जातात," सुमनताई म्हणाल्या. "तळवड्याहून कशी पोचवेल ती? तू तिच्या हातचं खाऊन मोठा झालास. तूच जा ना सांगायला."

"म्हणूनच मी जात नाहीये, आत्या. मला तिच्यापुढं खोटं बोलता येणार नाही."

"आणि मला येईल?"

मग दौलतरावांनी टीव्ही बंद केला आणि पहिल्यांदा बहिणीकडं बघितलं.

"ताई, एक नंबर बी त्यातच जातोय."

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आठ खोल्या म्हणजे आठही, हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. पण हिशेब करताना माणूस आपलं दार त्यात धरत नाही.

"वरची पूर्वेची खोली तुला. ऊन येतंय चांगलं. जयमालानं पडदं बी लावल्यात."

जयमाला उठून टीपॉयवरचे ग्लास गोळा करायला लागली. तिनं सुमनताईंकडं बघितलं नाही, आणि कौशल्याबाईबद्दलही ती पुन्हा काही बोलली नाही. पडदे लावून झाले होते म्हणजे तिला हे केव्हापासूनच ठाऊक होतं.

"अण्णांनी एक नंबर मला दिला होता," सुमनताई म्हणाल्या.

"व्हय, दिला व्हता. मी कुटं न्हाई म्हनतोय? पन कागदात न्हाई ना, ताई."

सुमनताईंनी आयुष्यात एकाच कागदावर सही केली होती आणि तो द्यायचा कागद होता. त्यांना कौशल्याबाईसाठी वाईट वाटत होतं, मनापासून वाटत होतं; पण त्याहून मोठी होती ती भीती. आता आपण नाही म्हटलं तर आपल्याला ठेवणारं कोण? पासष्टाव्या वर्षी आपण कुठं खोली विचारत फिरायचं? वरच्या खोलीला ऊन येतं, असं त्या मनाशी म्हणाल्या आणि स्वतःचीच त्यांना शरम वाटली. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. त्या घरात त्यांचं गप्प राहणं म्हणजे होकार, असंच आजवर सगळे धरत आले होते.

बुधवारी चार वाजता त्या सात नंबरच्या दारात उभ्या राहिल्या. कौशल्याबाई संध्याकाळच्या डब्यांसाठी भाकऱ्या थापत होती. चोवीस वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर परभणीकडून आली तेव्हा पहिली खोली दोन नंबरची मिळाली होती. तेजस्विनी जन्मली चार नंबरात, सुईण येईपर्यंत सुमनताईच उशाशी बसल्या होत्या. नवरा गेला तेव्हा बिऱ्हाड सहा नंबरात होतं. सातही खोल्यांत तिच्या तीन फेऱ्या होऊन चौथी चालू होती. दर पालटीला ती नव्या खोलीत आधी शेगडी मांडायची, दूध उतू घालायची आणि उरलेल्या दुधाचा पहिला चहा सुमनताईंना द्यायची. तो चहा पिईपर्यंत पालट पुरी झाली असं सुमनताईंना वाटायचं नाही.

"या, ताई," ती म्हणाली, आणि पुढचं काहीच विचारलं नाही. एरवी पालट कधी, ते ती आधीच विचारायची. आज ती भाकरी थापत राहिली आणि सुमनताईंना उभं राहणं जड झालं. तेजस्विनी कारखान्याच्या गणवेशातच खाटेवर बसली होती. पहिली शिफ्ट करून आली होती. ती आईकडं बघत होती, सुमनताईंकडं नाही.

"उद्या गुरुवार," सुमनताई म्हणाल्या.

कौशल्याबाईचा हात थांबला. "पालट हाय व्हय उद्या?"

"हो."

"आठ नंबर ना मग यंदा?"

"आठ," सुमनताई म्हणाल्या.

तेवढाच एक शब्द. बाकी सगळं आपण न बोलताच झालं, असं त्यांना नंतर कितीदा तरी वाटलं. पण हा शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडानं उच्चारला होता.

"आई, मी तुला काय सांगितलं होतं?" तेजस्विनी एकदम म्हणाली.

"गप बस. ताई सोता आल्यात न्हवं सांगायला?" मग ती सुमनताईंकडं वळून हसली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसत होता. "आठ नंबरला मागून खिडकी हाय. उन्हाळ्यात लई बरं. सकाळी दूध जास्तीचं सांगते. तुमचं एक नंबरचं बरंय बगा ताई, कधी दूध उतू घालायचं काम न्हाई."

मायलेकींचं काय चाललंय ते सुमनताईंनी विचारलं नाही. आपल्या खोलीत येऊन त्यांनी दार लोटून घेतलं. अजूनही परत जाऊन सांगता येईल, असं त्या अंधार पडेपर्यंत स्वतःला सांगत होत्या. मग बंगल्यावरून दोन गडी त्यांची ट्रंक आणि गादी न्यायला आले, आणि त्यांच्याबरोबर त्याही गेल्या.

गुरुवारी सकाळी आठच्या आत कौशल्याबाईचं सामान आवारात आलं होतं. दोन खाटा, भांड्यांचं रॅक, डब्यांची उतरंड, तेलाच्या डब्यात लावलेली तुळस, नवऱ्याचा फोटो ओढणीत गुंडाळलेला. शेगडी आणि सिलिंडर तिनं आठ नंबरच्या दारापाशीच नेऊन ठेवलं होतं. रिकामी झालेली सात नंबरची खोली तिनं नेहमीसारखी झाडली, कोपऱ्यातली जळमटं काढली, भिंतीतले स्वतःचे खिळे उपटून पुडीत बांधले आणि किल्ली सुमनताईंच्या हातात दिली. दरवेळी ती किल्ली घेऊन सुमनताई पुढच्या खोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवायच्या. आज त्यांनी सातची किल्ली मुठीत धरली आणि तशाच उभ्या राहिल्या.

कौशल्याबाई वाट बघत होती. हात पुढं होता.

कुलदीप फाटकातून आला. त्यानं सातला कुलूप घातलं आणि मग कौशल्याबाईसमोर येऊन हात जोडले. मावशी म्हणून हाक मारून त्यानं सगळं सांगितलं, कंपनीचं, शुक्रवारचं, तळवड्याच्या खोलीचं. सांगायचं काहीच राहिलं नाही. रस्त्यावर टेम्पो उभा होता आणि त्याच्यामागं पिवळा जेसीबी.

कौशल्याबाईनं हात खाली घेतला. ती ओरडली नाही, रडलीही नाही. तेजस्विनीनं मात्र कपड्यांच्या बोचक्यात हात घालून एक पाकीट ओढून काढलं आणि ते सुमनताईंसमोर धरलं.

"हे बघा. महिना झाला घरात आहे. कोर्टात लावायचा अर्ज आहे, फक्त आईची सही राहिलीय. गोडाऊनचं आम्हाला कळलं होतं, आत्या. आमच्या कंपनीत सगळे बोलत होते. वकील म्हणाला, काही करू नका, नुसतं सामान आत ठेवा, तुम्हाला कुणी बाहेर काढू शकत नाही."

तीही कुलदीपसारखी आत्याच म्हणायची, लहानपणापासून. सुमनताईंना त्या कागदावरची अक्षरं दिसत नव्हती.

"मग तू बाहेर का आलीस?" त्यांनी कौशल्याबाईला विचारलं.

"तुमी सांगितलं म्हणून," कौशल्याबाई म्हणाली. "ही पोरगी महिनाभर मागं लागली व्हती, सही कर, सही कर. म्या मनलं, ताईला येऊ दे. पालट लावायची आसंल तर ताई येतील सांगायला, आन काढायचं आसंल तर ताई तोंड दाखवायच्या न्हाईत, मला ठावं हाय. न्हाई आल्या तर सही करीन. काल तुमी आल्या, मला लई बरं वाटलं."

सुमनताईंना रडू फुटलं. एवढ्या वयाच्या बाईनं आवारात सगळ्यांसमोर असं रडणं बरं दिसत नव्हतं, पण आवरेना. कौशल्याबाई, मला काढून टाकतील म्हणून मी भ्याले, असं काहीतरी त्या बोलल्या. कौशल्याबाईनं ऐकलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि तसं म्हणण्यासारखं काही नव्हतंच. तेजस्विनी पाकीट घेऊन फाटकापर्यंत गेली, फोनवर वकिलाशी बोलली आणि परत येऊन आईशेजारी उभी राहिली. आता खोली रिकामी होती आणि कुलूप लागलं होतं; कोर्टात जाता येईल, पण बाहेरून भांडावं लागेल, असं वकील म्हणाला होता.

सामान टेम्पोत चढायला तासभर लागला. कुलदीप स्वतः खाटा उचलू लागला होता. डब्यांचं काय करायचं हे कौशल्याबाईनं कुणालाच विचारलं नाही. सुट्टी म्हणून आज डबे नव्हते; घरच्या दोघींची कणीक मात्र परातीत तशीच होती, ती तिनं मांडीवर घेतली. दौलतराव गॅलरीत आले, क्षणभर थांबले आणि आत गेले.

शेवटी राहिलं दुधाचं पातेलं. आठ नंबरच्या दारापाशी झाकून ठेवलेलं, दोन लिटर दूध. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. कौशल्याबाई खाली उतरली, पातेलं उचलून घेऊन आली आणि सुमनताईंच्या हातात दिलं.

"एक नंबर बी पाडणार म्हणं," ती म्हणाली. "तुमी बी पालटल्या की मग, ताई. नव्या खोलीत उतू घाला. तसंच बिऱ्हाड मांडू नये."

टेम्पो तळवड्याच्या बाजूला वळला.

सुमनताई पातेलं सांभाळत बंगल्याचा जिना चढल्या. पूर्वेच्या खोलीत फिक्या निळ्या रंगाचे पडदे होते, खाटेवर नवी चादर होती, त्यांची ट्रंक खाटेखाली सारलेली होती. ऊन खरंच चांगलं येत होतं. त्यांनी सगळीकडं बघितलं. शेगडी नव्हती. शेगडी ठेवायला ओटा नव्हता, फळीसुद्धा नव्हती; स्वयंपाक खाली जयमालाच्या घरात होता आणि इथं फक्त झोपायचं होतं. दूध उतू जाईल अशी एकही जागा त्या खोलीत नव्हती. खाली जेसीबीनं पहिली भिंत पाडली तेव्हा खिडकीची काच थरथरली आणि पातेल्यातल्या दुधावर बारीक तरंग उठले.

"वन्सं," जयमालानं जिन्यातून हाक मारली, "ते दूध फ्रिजमध्ये ठेवू का?"

सुमनताई काही बोलल्या नाहीत. थोडा वेळ वाट बघून जयमाला वर आली आणि त्यांच्या हातातलं पातेलं घेऊन खाली गेली.